साडूंचा भरवशाचा माणूस

३ मार्च

आमचे साडू टीव्हीवर जाणार. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा घेऊन आलो, तरी वाक्य तसंच होतं. रोज संध्याकाळी तो प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागतो, त्यात. ज्यांचा जन्म दुसऱ्यांच्या सोफ्यांना कापड लावण्यात गेला ते आता त्या झगमगीत खुर्चीत बसून उत्तरं देणार. आणि मी, ज्यानं एवढ्या मोठ्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत अख्खी नोकरी काढली, तो घरी बसून बघणार.

"तुम्हीपण नंबर लावत होतात ना तिकडे?" बायकोनं विचारलं.

त्यांची लाइन कायम बिघडलेली असते, असं मी सांगितलं.

साडूंना जिंकायचंय ते गाळ्यासाठी. दुकानाचा गाळा मालकानं विकायला काढलाय. साडूंनी घेतला तर दुकान राहील, नाहीतर हातोडी-खिळे घेऊन रस्त्यावर. हे मेहुणीनं फोनवर सांगितलं आणि दोघी बहिणी बराच वेळ रडल्या. मलाही वाईट वाटलं. पण डायरीत खोटं लिहू नये. त्याहून जास्त मला हे लागलं की मला कुणी काही विचारलं नाही. मी निवृत्त झालो आणि खिडकी बंद करून तिथे दिव्यांची पाटी लावली. तेव्हापासून मला कुणी काही विचारतच नाही. मुलगी लहान असताना "बाबा, हे काय, बाबा, ते काय" करून डोकं खायची. आता ती प्रयोगशाळेत नोकरी करते आणि तिला सगळं मोबाइल सांगतो.

५ मार्च

साडू आले होते.

"भाऊ, अडलो तर फोन करायला एक माणूस द्यावा लागतो. मी तुमचं नाव दिलंय."

"बघू," मी शांतपणे म्हणालो. आतून उकळ्या फुटत होत्या.

"बघू नाही, दिलंयच. असा भरवशाचा माणूस मला दुसरा मिळायचा नाही."

शेजारी बसलेल्या माझ्या मुलीनं मान खाली घातली. नंतर बायकोकडून कळलं की ही कल्पना तिचीच. "काका, बाबांचं नाव द्या," असं तिनंच सुचवलं. मला भरून आलं. पोर तोंडानं बोलत नाही, पण बापाची किंमत तिला आहे.

साडूंनी लगेच परीक्षा घेतली. वटवाघूळ पक्षी की सस्तन प्राणी? मी म्हणालो, "पक्षी. उडतं ना?" कोळ्याला पाय सहा की आठ? "सहा." पेंग्विन उत्तर ध्रुवाकडे राहतात की दक्षिण ध्रुवाकडे? "उत्तर. बर्फ वरच्या बाजूला असतो." प्रत्येक उत्तरासरशी साडूंचा चेहरा उजळत गेला. शेवटी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "भाऊ, एकही सोडलं नाहीत तुम्ही."

मुलगी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. कौतुकानं माणसाला असं हसू येतं कधी कधी.

९ मार्च

जबाबदारी आली म्हणजे अभ्यास आला. सगळ्या वाहिन्यांवरचे असले कार्यक्रम बघायला घेतलेत आणि स्पर्धकाला मदत कुठल्या कुठल्या प्रकारे मिळते त्याची तुलना चालवली आहे. आजवर कुणी हा विषय नीट हाताळलेला दिसत नाही.

सर्वात हलका प्रकार म्हणजे प्रेक्षकांचा कौल. स्टुडिओत फुकट पंख्याखाली बसायला आलेली माणसं बटणं दाबतात आणि पडद्यावर खांब उभे राहतात. जो खांब उंच ते उत्तर. आमच्या स्थानकात काही उतावळे प्रवासी रांग सोडून फलाटावरच्या गर्दीला विचारायचे, तसलाच हा प्रकार. मी खिडकीत बसलेला असताना गर्दीला विचारणाऱ्याची मला नेहमी कीव यायची.

"पण बाबा, प्रेक्षक बहुतेक वेळा बरोबर निघतात," मुलगी म्हणाली.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे एकट्या हुशार माणसापेक्षा जास्त वेळा. ज्यांना माहीत नसतं ते कुठेही दाबतात, त्यांची मतं विखुरतात. ज्यांना माहीत असतं ते एकाच ठिकाणी दाबतात."

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना आकड्यांचं फार. मी विषय बदलला. माझ्या खिडकीवर चौकशी करून गेलेला एकही प्रवासी कधी तक्रार घेऊन परत आला नाही, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा, सांगितलंय तुम्ही."

१४ मार्च

आज पन्नास-पन्नास. यात यंत्र चारपैकी दोन चुकीची उत्तरं उडवतं. माझं मत असं की यात स्पर्धकाचा अपमान आहे. ज्या दोन उत्तरांत आपण आधीच अडकलो असतो तीच दोन ते यंत्र शिल्लक ठेवतं आणि वर वाजंत्री वाजवतं.

साडूंचा मात्र हट्ट, की आधी पन्नास-पन्नास वापरणार आणि मगच मला फोन करणार.

"अहो, मला चारही पर्याय द्या की. माझ्यासाठी काय सोपं करून देताय?"

"नाही भाऊ, चारांत तुमचा उपयोग नाही. दोनच पाहिजेत. दोन उरले आणि तुम्ही एक सांगितलं की माझं काम झालं."

"ठीक आहे. पण मी काय सांगतो ते नीट ऐका. मागाहून डोकं चालवू नका."

"छे छे. तुमच्या शब्दाबाहेर मी पाऊल टाकणार नाही," साडू म्हणाले आणि मुलीकडे बघून हसले. मेहुणी पण हसली. बायको तेवढी हसली नाही. "असू दे, पुरे आता," म्हणून ती कपबशा उचलायला लागली. तिला माझं कौतुक कधी सहनच होत नाही.

१८ मार्च

अभ्यास जोरात आहे. एका कार्यक्रमात प्रश्न आवडला नाही तर बदलून मिळतो. कपड्यांच्या दुकानात ठीक आहे, ज्ञानात हे कसं चालेल? दुसऱ्यात स्पर्धकाच्या मागे सोफ्यावर अख्खं घराणं बसवतात. आजोबा एक सांगतात, आत्या दुसरं सांगते आणि शेवटी सगळे मिळून हरतात. सोफा मात्र चांगला होता. साडूंना सांगायला हवं.

एका ठिकाणी नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात आणि अडला तर नवरा बायकोला विचारू शकतो. त्या माणसानं आधी विचारलंच नाही, उत्तर देऊन टाकलं. ते चुकलं आणि मग तिच्याकडे बघितलं. तिला बरोबर उत्तर माहीत होतं.

"मग बोलली का नाही ती?" मी म्हणालो.

"कुणी विचारलं का तिला?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

आणि सर्वात निर्लज्ज प्रकार तिसऱ्या वाहिनीवर बघितला. तिथे अडलेला स्पर्धक सरळ प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरात डोकावू शकतो. नियमानं कॉपी. मी टीव्ही बंद केला.

सगळ्याचं सार असं निघतं की एका खऱ्या, अनुभवी, न डगमगणाऱ्या माणसाला फोन करण्याइतकी चोख मदत दुसरी नाही.

२२ मार्च

सरावासाठी सामान्यज्ञानाचं पुस्तक आणलं. शेवटी उत्तरं दिलेली आहेत. उत्तरं साफ चुकीची छापली आहेत. माझी आणि त्यांची जवळजवळ कुठेच जुळत नाहीत. दुकानदाराकडे गेलो, तो म्हणाला हेच पुस्तक सगळे नेतात. मी म्हणालो, तरीच.

२३ मार्च

दुसऱ्या प्रकाशनाचं आणलं. यांनी पहिल्यांचीच नक्कल मारलेली दिसते.

२७ मार्च

लिहावं की नाही, कळत नाही.

पाय मोकळे करायला बसस्थानकावर गेलो होतो. बाकावर बसलो. एक म्हातारी बाई पिशवी सावरत आली आणि मला विचारलं, "दादा, मोठ्या दवाखान्याकडची गाडी कुठे लागते हो?" किती दिवसांनी कुणी विचारलं. माझा आवाज आपोआप खिडकीतला झाला. "शेवटचा फलाट. सरळ जा," मी म्हणालो. ती लगबगीनं गेली.

ती शेवटच्या फलाटापर्यंत पोचली असेल नसेल, तोच माझ्या नाकासमोरून, पहिल्या फलाटावरून, कपाळावर दवाखान्याची पाटी लावलेली गाडी सुटली. मी हात केला, ड्रायव्हरनं बघितलं नाही. बाई धापा टाकत परत आली. मला वाटलं आता तोंडसुख घेईल. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गेली वाटतं. असू दे. तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला माहीत नव्हतं."

मला माहीत नव्हतं. हे माझ्याबद्दल इतक्या सहज कुणी कधी बोललं नव्हतं. मी तिच्याबरोबर पुढची गाडी येईपर्यंत उभा राहिलो. तिचा मुलगा दवाखान्यात होता आणि भेटायची वेळ टळून जात होती. ती पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती, मी जमिनीकडे.

माझ्या खिडकीतून फलाट दिसत नसत. समोर भिंत होती. माणूस विचारायचा, मी सांगायचो, तो जायचा. परत कुणी आलं नाही याचा मला आयुष्यभर अभिमान होता. ज्याची गाडी चुकते तो भांडायला खिडकीकडे येत नाही, तो पुढच्या गाडीमागे पळतो. हे एवढं साधं मला नोकरीत एकदाही सुचलं नाही.

२८ मार्च

दोन्ही पुस्तकं पुन्हा काढली. पुस्तकं बरोबर आहेत.

घरात कुणाला बोललो नाही. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, बरं नाही का, मी म्हणालो, पित्त. मला भीती वाटते आहे. साडूंचा गाळा माझ्या तोंडावर अवलंबून आहे आणि माझ्या तोंडाला सवय चुकीची आहे.

नाव काढून घ्या असं सांगायला साडूंकडे गेलोही होतो. ते सोफ्याच्या सांगाड्याला पट्टा ओढून बसवत होते. मला बघितल्यावर गिऱ्हाइकाला म्हणाले, "हे आमचे भाऊ. यांच्या जिवावर चाललोय मी." मी पट्ट्याचं दुसरं टोक धरून दिलं आणि तसाच परत आलो.

३० मार्च

मार्ग सापडला. दोनच पर्याय असणार आहेत. जो पहिल्या झटक्यात खात्रीनं तोंडात येईल तो गिळायचा आणि दुसरा सांगायचा. दुपारी पुस्तकावर करून बघितलं. एवढे गुण मला शाळेतही कधी मिळाले नव्हते. आनंद व्हावा की रडावं हे कळेना, थोडं दोन्ही केलं.

साडूंना यातलं काही सांगणार नाही. त्यांचा माझ्यावरचा विश्वास ढळला तर ऐनवेळी घोटाळा होईल.

२ एप्रिल

झालं.

साडू दुसऱ्या शहरात, स्टुडिओत. माझ्यावर लक्ष ठेवायला चॅनलचा एक माणूस सकाळीच घरी येऊन बसला. बायकोला आणि मुलीला त्यानं शेजारी पाठवलं, माझी पुस्तकं कपाटावर ठेवली आणि मोबाइलशी खेळत बसला. दुपारी फोन वाजला. आधी सूत्रसंचालकाचा गोड आवाज, मग साडूंचा, घाईतला.

"भाऊ, सूर्यमालेतला सर्वात तापलेला ग्रह कोणता? दोनच उरलेत. बुध की शुक्र?"

बुध. माझ्या डोक्यात कुणीतरी घंटा वाजवल्यासारखं झालं, बुध. सूर्याला सर्वात जवळचा तोच, शेगडीला चिकटून बसलेल्यालाच जास्त चटका बसणार, यात विचारायचं काय. इतकी खात्री मला लग्नाच्या वेळीही नव्हती. ती सगळी खात्री मी गिळली.

"शुक्र," मी म्हणालो.

"नक्की, भाऊ?"

"शंभर टक्के."

"थँक्यू भाऊ," साडू म्हणाले. आवाजावरून वाटलं, माणूस खुर्चीतून उडी मारणार. फोन कट.

चॅनलच्या माणसाला बोलायची परवानगी नव्हती, पण जाताना त्यानं अंगठा वर केला. मी एकटाच घरभर फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं ऐकलं नाही आणि एका माणसाचं दुकान वाचवलं.

३ एप्रिल

साडू संध्याकाळी आले. मी दारातच हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मेहुणीचे डोळे सुजलेले.

"हरलो," ते म्हणाले.

"शुक्र चुकलं?" मी विचारलं.

"शुक्र बरोबर होतं."

"मग?"

"मी बुध सांगितलं."

मला काही उमगेना. मी म्हणालो, "अहो, पण मी शुक्र म्हणालो होतो. स्पष्ट."

"म्हणूनच," साडू म्हणाले. मग ते एकदम वळले आणि त्यांचा आवाज चढला. "माझ्या मनात शुक्रच होता हो भाऊ. तुमच्या पोरीनं मला सांगितलं होतं एकदा. मी शुक्रच म्हणणार होतो. तुम्ही शुक्र म्हणालात आणि मी म्हटलं, बरं झालं विचारलं, म्हणजे शुक्र नक्की नाही."

मेहुणी म्हणाली, "आजवर एकदाही बरोबर आला नाहीत. कालच कसे आलात?"

मग माझ्या मुलीनं सांगितलं, रडत रडत. बाबांचं नाव द्या असं तिनं का सुचवलं ते. दोन पर्याय उरले की बाबा जे सांगतील ते सोडून दुसरं लावायचं. बाबा कधी "माहीत नाही" म्हणत नाहीत, कधी डगमगत नाहीत आणि कधी बरोबर नसतात. साडूंनी ते माझ्यावर तपासून बघितलं होतं, परत परत. एकदाही फसलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"मला पटलं नव्हतं," ती म्हणाली. म्हणजे माहीत होतं.

मीही मग माझी बाजू सांगितली. म्हातारी बाई, पुस्तकं, पहिलं उत्तर गिळायची युक्ती. मला वाटलं, निदान मुलगी तरी काही म्हणेल. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, एवढा नम्रपणा करायचा होता तर आधी सांगायचं ना."

मला फार अपमान वाटला. आणि त्याच वेळी फार लाज वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

१९ एप्रिल

कार्यक्रम दाखवला. आम्ही सगळ्यांनी बघितला, साडू सोडून. मी फोनवर "शंभर टक्के" म्हणतो, साडू हसून "बुध" म्हणतात, सूत्रसंचालक कपाळाला हात लावतो. "तुमच्या साडूंनी बरोबर उत्तर दिलं होतं, तुम्ही त्यांच्यावर विश्वास का नाही ठेवला?" साडू मान खाली घालतात. खरं कारण सांगितलं असतं तर माझं हसं झालं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

कार्यक्रम संपायच्या आत शेजाऱ्यांनी बेल वाजवली. माझं अभिनंदन करायला.

६ मे

गाळा गेला. मालकानं कुलूप लावलं. साडूंचे सांगाडे, कापडाचे तागे, खिळ्यांचे डबे आता आमच्या व्हरांड्यात आहेत. बायकोनं कुणाला न विचारता जागा करून दिली. साडू सकाळी येतात, काम करतात, संध्याकाळी जातात. माझ्याशी बोलतात, पण गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

आणि मला मात्र लोक विचारायला लागलेत. कुणी जमिनीचं विचारतं, कुणी मुलीच्या स्थळाचं. वाण्याच्या दुकानात मला पुढे जागा देतात. "टीव्हीवर ऐकलं तुम्हाला. काय ती खात्री. आणि काय तुमचे साडू," असं म्हणून हसतात. मी म्हणतो, तसं नाही हो. ते म्हणतात, तुम्ही मोठ्या मनाचे आहात.

आज वरच्या मजल्यावरचे बँकवाले आले. साडूंनी अर्धवट भरलेल्या सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला डॉक्टर सांगतायत. वय झालंय तिचं. करू की नको? तुमच्याइतकं ठाम सांगणारा कुणी नाही, म्हणून आलो."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. व्हरांड्यातली हातोडी थांबली.

"असं कसं?"

"खरंच माहीत नाही. आणि तो शुक्र पण मला माहीत नव्हता. मला बुधच वाटत होता. शुक्र त्यांना माहीत होता." मी साडूंकडे बोट केलं. "ते हरले ते माझ्यामुळे."

बँकवाल्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साडूंकडे आणि मांडीवर थाप मारून हसले. "वा. साडूंना किती सांभाळून घेता तुम्ही. बरं, आता थट्टा पुरे. आई वर वाट बघते आहे. करू की नको?"

साडू हातोडी धरून माझ्याकडे बघत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. आणि इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, की उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.